मांजरांचा मोतद्दार

खरारामामा मांजरांना अहो म्हणत आणि माणसांना अरे. या नियमात त्यांनी कधी गल्लत केल्याचं मला आठवत नाही. अमरावतीच्या कापूसबाजारात आपल्या वखारीपुढे शेठजी बग्गीतून उतरले, की मामा मान वर न करता म्हणत, “सरक बे तिकडं, बाईसाहेब बसल्या हायेत.” आणि काय सांगू मंडळी, शेठजी सरकत! बाईसाहेब म्हणजे फाटक्या कानाची, भुऱ्या रंगाची, उंबऱ्यात पाय पसरून पडलेली एक मांजर. तिचं विंचरणं संपेपर्यंत अख्ख्या बाजाराला भाव सांगणारा माणूस धोतर सावरून गुमान उभा राही.

मामांचं पाळण्यातलं नाव मला ठाऊक होतं, पण त्या नावानं हाक मारली असती तर त्यांनी स्वतःच ओ दिली नसती. तरुणपणी ते एलिचपूरच्या छावणीत रिसाल्याच्या घोड्यांचे मोतद्दार होते. घोड्यांचं अंग घासायचा लोखंडी खरारा वीस वर्षं त्यांच्या मुठीत होता. मग एका घोड्यानं लाथ घालून त्यांचा गुडघा मोडला. सरकारनं घोडा ठेवून घेतला आणि मोतद्दार सोडून दिला. मामा लंगडत अमरावतीला आले ते खरारा हे नाव घेऊनच आले.

ते दिवस कापसाचे होते. दूर अमेरिकेत गोरे गोऱ्यांशी लढत होते आणि आमच्याकडे बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या लागत होत्या. बाजारात बैलगाड्यांची रीघ संपत नसे. वखारी आढ्यापर्यंत भरलेल्या, आणि कापूस तिथे उंदीर. उंदरांनी पोती कुरतडू नयेत म्हणून प्रत्येक वखारीत मांजरं पाळलेली. शेठजींच्या वखारीत सात होती. त्या सातांच्या सेवेला मामा होते आणि देवाच्या सेवेला मी. मी तेव्हा पंचविशीतला भिक्षुक. रोज सकाळी गादीवरच्या गणपतीची पूजा सांगायला जात असे. माझे वडील, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणे, धर्मशास्त्रातले जाणते. कोणाचं काय बाटलं, कोणाला कसलं पाप लागलं, याचा निकाल आमच्या ओसरीवर लागायचा आणि तो चार तालुक्यांत मानला जायचा.

“पंडत,” मामा मला म्हणत, “तुह्या पोथीत मांजरीच्या जिभेचं काई लिवलं हाये काय?”

“नाही.”

“मंग काय कामाची पोथी? पाय इकडं. मांजरीच्या जिभेवर देवानं खराराच बसवला हाये. आंग चाटलं का केस जिभेले चिकटते. थुकता येत नाई, त गिळते. आपल्या वखारीत केसाच्या जोडीले कापूस. पोटात जाऊन दोघायचं वळकटं होते. बाहीर पडलं त बरं. नाई पडलं त दार बंद.”

‘दार बंद’ म्हणताना ते आपल्या पोटावर तळहात आडवा ठेवत. त्यांची सगळी विद्या या दोन शब्दांभोवती होती. दार बंद होऊ द्यायचं नाही, यासाठी ते रोज सकाळी म्हशीच्या शिंगाची बारीक फणी घेऊन बसत आणि सातही मांजरं विंचरत. मानेपासून शेपटीकडे, केसांच्या कलानं. पोटाखाली हलक्या हातानं. चैत्रात केस झडू लागले की दिवसातून दोनदा. निघालेले केस तळहातावर वळून त्यांची गोळी करत आणि ती थेट शेठजींच्या गादीवर, पूजेच्या तबकाशेजारी नेऊन ठेवत. “हे पाय. आज एवढं पोटात गेलं नाई.” शेठजी नाक मुरडून गोळी काठीनं लोटत. मामांना मात्र सोन्याची अंगठी सापडल्यासारखा आनंद होई.

दुसरा उपाय हरळी. वखारीमागे फुटक्या घमेल्यांत मामांनी माती भरून हरळी लावली होती. मांजरं ती चावत, थोड्या वेळानं मान लांब करून, पाठ आखडून खाकरत आणि करंगळीएवढं ओलं, लांबट केसांचं वळकटं जमिनीवर टाकून शहाजोगपणे निघून जात. आता एक कबुली देतो. गणपतीला दूर्वा लागतात आणि दूर्वा म्हणजे हरळीच. उन्हाळ्यात हिरवी हरळी शोधत कोण उन्हातान्हात फिरतो? मी चांगले दोन उन्हाळे मामांच्या घमेल्यांतून गणपतीच्या एकवीस जुड्या खुडल्या. एकदा मामांनी मला रंगेहाथ पकडलं. वाटलं, आता बोंब मारतील. ते म्हणाले, “घे. देवाच्याबी पोटात काई अडकलं असन.”

तिसरा उपाय लोणी. मांजर सुस्त वाटली, दूध हुंगून मागे सरली, की मामा तिच्या पुढच्या पंजावर बोराएवढं लोणी चोपडत. मांजरीला पंजा मळलेला खपत नाही. ती स्वतःच चाटून साफ करते आणि स्निग्ध पोटात जातं. “तिच्या मर्जीनं जाऊ द्या लागते,” मामा सांगत. “नरड्यात ओताचं नाई.” आमच्या वऱ्हाडात बैलाचं पोट फुगलं की बांबूच्या कांड्यानं त्याच्या घशात जवसाचं तेल ओततात. घराघरांत ते कांडं खुंटीला असतं. वखारीतही गाडीच्या बैलांसाठी होतंच. हमाल म्हणत, मांजरीलाही त्यानंच पाजा की. मामा कानांवर हात ठेवत. “बैलाचं नरडं मोटेसारखं, मांजरीचं सुईच्या नाकासारखं. ओतलं का छातीत गेलं. छातीत गेलेलं तेल वापस येत नाई.”

हे सगळं मामांनी करायचं आणि बाकीच्यांनी लांबून बघायचं, अशी वहिवाट होती. कारण मांजर मारणं हे महापाप. मांजर ज्याच्या हातून मरेल त्यानं सोन्याची मांजर घडवून दान केली तरच ते फिटतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. म्हणून मांजर सुदृढ आहे तोवर सगळे तिला कुरवाळतात आणि ती आजारी पडली की हात मागे घेतात. न जाणो, आपल्याच हातात मेली तर! खाकरणाऱ्या, गुदमरणाऱ्या मांजरीभोवती दहा माणसं उभी आहेत आणि दहाही जण पाठीमागे हात बांधून आहेत, हे दृश्य मी या डोळ्यांनी अनेकदा पाहिलं. मामा गर्दी सारून पुढे येत आणि मांजर मांडीवर घेत. “काहून बे पंडत,” त्यांनी एकदा सगळ्यांदेखत विचारलं, “गाय खोकलली त वैद्य बलावता, अन् मांजर खोकलली त पंचांग काढता?” मी छानसा श्लोक म्हणून वेळ मारून नेली. लोकांनी माना डोलावल्या. लोकांनी माना डोलावल्या की मला फार बरं वाटायचं, आणि पुढे जे झालं त्यात या सवयीचा वाटा थोडा नाही.

कापसाच्या तिसऱ्या वर्षी शेठजींनी मुंबईहून एक इराणी मांजर आणली. पांढरीशुभ्र, वीतभर केस, डोळे हिरवे. बाजारात दुसऱ्या एका व्यापाऱ्यानं मोर पाळला होता, त्यावर ही मात. नाव बेगम. तिला पाहायला लोक लांबून येत आणि शेठजी ती आपणच विणली असल्यासारखे बसत. मामांनी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाकून मुजरा केला आणि मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “बाईसाहेबांच्या आंगावर चार मांजरींचे केस हायेत, अन् पोट एकच.” त्या दिवसापासून बेगमेचं विंचरणं तीनदा होऊ लागलं. तिच्यासाठी मामांनी वेगळी, मोठ्या दातांची फणी कोरली. मामा कुणाला जीव लावत नसत म्हणणाऱ्यांनी त्यांना बेगमेच्या कानामागची गाठ सोडवताना पाहायला हवं होतं.

चैत्र लागला आणि अकोल्याहून निरोप आला. मामांची बहीण वारली. तेवढंच एक माणूस त्यांचं होतं. रेल्वे अजून आलेली नव्हती; अकोल्याला बैलगाडीनं चार दिवस लागत. तेरवी करून यायचं म्हणजे पंधरवडा गेला. निघताना त्यांनी हमालांकडे पाहिलंही नाही. दोन्ही फण्या माझ्या हातात दिल्या.

“तू रोज येतंच. पूजा झाली का सातायले एकदा, बेगमसाहेबायले तीनदा. हरळी सुकू देऊ नको. सुस्त वाटल्या त लोनी. आठव्या दिवशी मी नाई आलो म्हनून कट्टाळू नको. कट्टाळा आला का मांजर मरते.”

“मामा, मी वेद पाठ केले आहेत. फणी फिरवायला कसला कंटाळा?”

“वेद केस झाडत नाई,” असं म्हणून ते गाडीत चढले.

पहिल्या दिवशी मी सातही मांजरं विंचरली. दुसऱ्या दिवशी बेगमेचे केस माझ्या पूजेच्या रेशमी कदाला असे चिकटले की घरी तात्यांनी विचारलं, पूजा गणपतीची होती की मेंढीची? तिसऱ्या दिवशी फक्त बेगमेला विंचरलं, तेही एकदा. पाचव्या दिवशी माझ्या लग्नाची बोलणी करायला माणसं आली. मग मी पूजा उरकून घरी पळू लागलो. शेठजी विचारत, “पंडितजी, बेगम?” मी म्हणे, “ठीक आहे.” घमेल्यांतली हरळी मी पाहिली ती वाळून पिवळी झाल्यावर.

बाराव्या दिवशी सकाळी बेगम आतल्या खोलीत, कापसाच्या पोत्यांमध्ये अंग चोरून बसलेली दिसली. दूध तसंच होतं. थोड्या थोड्या वेळानं ती मान लांब करी, पोट आत खेची, घशातून खर्रखर्र आवाज काढी आणि काहीच बाहेर पडत नसे. हमालांनी सांगितलं, कालपासून असंच चालू आहे. मी तिच्या पोटाला हात लावला. टणक होतं. दार बंद.

शेठजी धावत आले. हमाल आले. सगळ्यांचे हात पाठीमागे गेले.

“पंडितजी,” शेठजी हात जोडून म्हणाले, “आप तो ब्राह्मण. तुम्हाला कसलं पाप? काहीतरी करा. लेकिन आमच्यासमोर नको. आम्ही पाहिलं तर आम्हालाही लागेल.” आणि ते सगळे बाहेर गेले. जाताना त्यांनी दार लोटून घेतलं.

त्या क्षणी मी लोणी आणायला हवं होतं. पंजाला चोपडून तिच्या मर्जीची वाट पाहायला हवी होती. पोटावर ऊन फडकं ठेवून बसून राहायला हवं होतं. मामा असेच तासन्‌तास बसत. पण दाराबाहेर वीस माणसं कान लावून उभी होती. बसून राहण्यात काय दिसणार होतं? मला दार उघडून, हात वर करून सांगायचं होतं की झालं, सुटली. मी मोठ्यानं मंत्र सुरू केला, म्हणजे बाहेर ऐकू जावा. आणि म्हणता म्हणता खुंटीवरचं बैलाचं कांडं काढलं, दिव्याच्या बुधल्यातलं जवसाचं तेल त्यात भरलं, बेगमेची मान बगलेत धरली आणि ओतलं.

ती ओरडली नाही. एकदा खोकली. नाकातून तेलाचा बुडबुडा आला आणि फुटला. मग ती निपचित पडली आणि तिच्या छातीतून उकळत्या भांड्यासारखा बारीक आवाज येऊ लागला. मला वाटलं, शांत झाली. खरं सांगतो, मी स्वतःला तसं वाटू दिलं. कांडं पोत्याआड टाकलं, तिचं तोंड पुसलं आणि दार उघडून हात वर केले. “मंत्र म्हटला. झोपली आहे.” वीसही माणसांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजेला गेलो तेव्हा मामा आलेले होते. धुळीनं माखलेले, तोंडही न धुतलेले. आतल्या खोलीत बेगमेला मांडीवर घेऊन, तिच्या छातीला कान लावून बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“पंडत, तेल किती ओतलं?”

मी खांद्यावरचं उपरणं सावरलं.

“हनुवटीखाली पुसायचं राह्यलं तुह्यं.”

ती दुपारपर्यंत जगली. मामांनी तिला उभी धरली, आडवी धरली, पाठ थोपटली. काही उपयोग नाही हे त्यांना ठाऊक होतं. दोन-तीनदा ते तिला म्हणाले, “या बाईसाहेब, या.” कुठे या, ते मला कळलं नाही. शेवटी तिनं तोंड उघडून श्वास घेतला आणि तो सोडला नाही.

हमालांची कुजबुज ऐकून शेठजी दारात आले. मामांच्या मांडीवर बेगम आणि शेजारी पोत्याआडून काढलेलं कांडं. शेठजींचा चेहरा पांढरा पडला. “काल तर पंडितजींनी मंत्र म्हटला. झोपली होती. कोणी पाजलं तेल?”

आता, मंडळी, इथे माझं वाक्य होतं. आयुष्यभर बोलण्यावर पोट भरणाऱ्या माणसाला एक वाक्य बोलायचं होतं. मांजर मारणाऱ्या भिक्षुकाला कोण पूजेला बोलावतं? तात्यांची गादी, आमची यजमानांची घरं, महिन्यावर आलेलं माझं लग्न, सगळं त्या एका वाक्यावर टांगलं होतं.

“मी पाजलं,” मामा म्हणाले. “पहाटे आलो, घाई झाली, पाजलं.”

संध्याकाळी कॅम्पकडच्या पडीक शेतात मामा बेगमेला पुरायला गेले, तेव्हा मी लांबून मागे गेलो. खड्डा खणून झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं, कंबरेचा चाकू काढला आणि माझ्या देखत बेगमेचं पोट चिरलं. मी तोंड फिरवलं तर म्हणाले, “पाय. पायल्याबिगर जाऊ नको.” पोटातून त्यांनी केसांचं आणि कापसाचं घट्ट वळकटं काढलं, अंगठ्याएवढं. “हे दोन दिवसात निंघालं असतं. नाईतर नसतं निंघालं. पन जीव यानं नाई गेला.” मग छाती चिरली. फुप्फुस दाबलं तर कडेनं जवसाचं तेल पाझरलं. “यानं गेला. आता तुले ठावं झालं. आता तू पुन्हा हे करनार नाई.”

“मामा, तुम्ही का घेतलं अंगावर?”

त्यांनी चाकू मातीत घासला. “तुह्यं लगन हाये. तुह्या मायबापाचं पोट तुह्यावर हाये. माह्या माणसाची तेरवी मी अकोल्याले करून आलो. मले कोन पुसते? अन् खरं सांगू, फनी तुह्या हाती देल्ली तवाच मारली मी तिले. घोडा कोनाच्या हाती द्याचा ते मोतद्दारानं वळखाले पायजे.”

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मीही माफी मागितली नाही. अंधार पडायच्या आत आम्ही वेगवेगळ्या वाटांनी घरी गेलो.

तिसऱ्या दिवशी आमच्या ओसरीवर निकाल लागला. तात्या पाटावर, मी त्यांच्या उजव्या हाताला पोथीची पानं धरून, शेठजी बैठकीवर, आणि मामा खाली अंगणात उन्हात. तात्यांनी मला पान उलटायला सांगितलं. मी उलटलं. सोन्याची मांजर करून दान द्यावी. करणाऱ्यानं स्वतःच द्यावी, दुसऱ्यानं दिलेली चालत नाही. तोवर कोणी त्याला पाणी देऊ नये, त्याच्या हातचं घेऊ नये, त्याच्या मेल्या जित्याला जाऊ नये. शेठजींच्या घरात त्या वर्षी सोन्याच्या दहा मांजरी झाल्या असत्या. पण पाप मामांचं होतं.

मामा हसले. “अरे, जिती होती तवा सातायले फनी कराले एक माणूस मिळत नव्हता. मेल्यावर सोन्याची करून राहिले!” मग ते लंगडत निघून गेले. तात्या माझ्याकडे वळून म्हणाले, “माणूस बेरड आहे.” मी पोथी बांधली.

बाजारातल्या विहिरीवर त्यांना कोणी बादली लावू देईना. न्हावी दाढी करीना. आठ दिवसांत ते कापसाच्या गाड्यांमागून पायी अकोल्याला निघून गेले. वखारीत फणी धरायला कोणी उरलं नाही. उन्हाळा संपायच्या आत फाटक्या कानाची बाईसाहेब आणि आणखी दोन मांजरं खाकरत खाकरत मेली. दहा माणसं पाठीमागे हात बांधून उभी होती. लोक म्हणाले, त्या म्हाताऱ्याचं पाप वखारीत राहिलं. माझं लग्न झालं. जेवणावळीत लाडू फार चांगले होते असं सगळे म्हणाले.

पुढल्या वर्षी अमेरिकेतली लढाई थांबली. कापूस पडला. शेठजी गाव सोडून गेले, वखारीला कुलूप लागलं. मी मात्र तात्यांच्या जागी बसू लागलो होतो. एका वास्तुशांतीसाठी अकोल्याला गेलो तेव्हा मोर्णा नदीच्या पलीकडे मामांची झोपडी आहे असं कळलं. पाय तिकडे वळले. पाहतो तर काय! झोपडीच्या दारात चार टोपल्या, चारींत मांजरं. घरंदाज बायका पदरानं तोंड झाकून येत, टोपली ठेवत आणि न बोलता निघून जात. मामा दारात बसून एका काळ्या बोक्याच्या पंजाला लोणी चोपडत होते.

“बस बे पंडत,” ते म्हणाले, जणू काल भेटलो होतो. “लय सोपं झालं आता. पयले लोकायले वाटे, हा म्हातारा धरते अन् एखाद्या दिवशी याच्या हाती मरन. आता मेलंच हाये एक. पाप आंगावर हायेच. एकाचं एक अन् शंभराचंबी एकच. म्हनून सारे मलेच आनून देतेत. पानी नाई देत, मांजरी देतेत.”

ते खळखळून हसले. मीही हसलो. आणि त्या हसण्यात मी स्वतःची किती सोय करून घेतली म्हणून सांगू! परत येताना मनाशी म्हणत होतो, बघ, म्हातारा सुखात आहे. उलट बरंच झालं. पाणी ते नदीवरून, मोडक्या गुडघ्यानं, स्वतः वाहून आणत होते. ती घागर मी दारात पाहिली होती. घरी येईपर्यंत मी ती विसरलो.

शिकलेलं मात्र विसरलो नाही. गावात कुणाची मांजर सुस्तावली, की मी आडून आडून सांगे: विंचरा, हरळी ठेवा, पंजाला लोणी लावा, दोन दिवस खाल्लं नाही आणि पोट टणक लागलं तर वाट पाहू नका, आणि घशात काही ओतू नका. लोक विचारत, हे कुठल्या ग्रंथात आहे? मी एका ग्रंथाचं नाव ठोकून देई.

पुढे श्रावणात एका गाडीवाल्यानं निरोप आणला, की अकोल्याचा मांजरवाला तापानं फणफणला आहे. मी निघालो तेव्हा उशीर झालेला होता. झोपडीसमोर पोचलो तर मामा पहाटेच गेलेले. प्रेत आत. बाहेर बांबू आणि गवत आणून टाकलेलं, आणि चार माणसं दहा हात अंतरावर उकिडवी बसलेली. चौघांच्याही मांजरी मामांनी वाचवल्या होत्या. दुपार टळून गेली होती. माशा जमल्या होत्या.

त्यातल्या एका म्हाताऱ्या कुणब्यानं मला ओळखलं. “बरं झालं महाराज आले. तुमीच सांगा, याले खांदा देता येते काय?”

“येतो,” मी म्हणालो. “मी सांगतो. उचला.”

“तुमी सांगता, पन तुमच्या बापानं सांगतलं व्हतं, याच्या मेल्याले कोनी जाऊ नोका. सोन्याची मांजर त यानं देल्ली नाई. आमाले लेकरंबाळं हायेत, महाराज. उद्या काई झालं त?”

“मी मंत्र म्हणतो, दोष जातो.”

“त मंग त्या दिवशीच काहून नाई म्हनला?” दुसरा म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी खूप श्लोक जाणतो. त्यातला एकही आठवला नाही. आत चटईवर मामांचे पाय दिसत होते, एक सरळ, एक वाकडा.

“यांनी मांजर मारली नाही,” मी म्हणालो. “मी मारली. कांड्यानं तेल मी ओतलं. हे तेव्हा अमरावतीत नव्हतेच. हे सगळं माहीत असून मी पोथीचं पान उलटलं.”

म्हातारा कुणबी उठला. त्यानं धोतर झटकलं, झोपडीत शिरला आणि मामांच्या डोक्याखाली हात घातला. मग बाकीचे तिघे उठले. त्यांनी तिरडी बांधली, घागरीतलं पाणी घालून मामांना आंघोळ घातली, कपाळाला बुक्का लावला. ते एकमेकांशी हळू आवाजात बोलत होते आणि रडत होते. तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा मी पुढे होऊन बांबूला हात घातला.

म्हाताऱ्यानं माझं मनगट धरून हात बाजूला केला. रागानं नाही.

“महाराज, तुमी दूर व्हा. शिवू नोका त्याले.”

ते चौघे त्यांना घेऊन नदीकडे निघाले. मी वीस पावलं मागं राहून चालू लागलो.